तीन भोंगे आणि सरकीचे दाणे

औषधाच्या बाटलीवर चिकटवायची खाचांची कागदी पट्टी कापायला मी अकोल्यात शिकले. पट्टीच्या घड्या घालायच्या, कडेला कात्रीने तिरके काप द्यायचे, उलगडली की सारख्या अंतरावर खाचा तयार. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. साठ सालच्या आगेमागे दवाखान्यातून मिक्श्चर असंच मिळायचं. मी रत्नागिरीकडची, चौथीतच शाळा सुटलेली, यजमानांच्या मालधक्क्यावरच्या नोकरीमागून इतक्या लांब आलेली. दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले होते. अक्षर बरं दिसलं म्हणून डॉक्टरबाईंनी लेबलं लिहायला बसवलं. त्या उपकाराची मला भीतीच वाटे. एक अक्षर चुकलं तर परत मोरीपाशी, असं रोज मनात यायचं.

पहिलं वर्षभर इथलं बोलणंही मला नीट उमगत नसे. कुणी "काहून आली वो?" म्हणून नुसतं का आलीस ते विचारलं तरी माणूस रागावलंय असं वाटायचं. समजल्यासारखी मान हलवण्यात मी पटाईत झाले होते. म्हणूनच त्या मुलीने तशी मान हलवली तेव्हा मला ती लगेच ओळखू आली.

मुलगी म्हणायचं, पण ती तिशीची होती. आई जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उचलायला जायची. मोर्णा नदीपलीकडे एका खोलीत दोघी राहत. मुलीला लहानपणापासून फेफरं येई आणि कुठलीही गोष्ट समजायला वेळ लागे. वस्ती तिला खुळी म्हणायची. आई मात्र नावानेच हाक मारी. आता थोरल्या लेकीचं बाळंतपण दर्यापूरला होतं आणि आईला पंधरा दिवस जाणं भाग होतं. शेजारणीने भाकरीचं कबूल केलं, पण औषधाला हात लावणार नाही म्हणाली. काही झालं तर नाव तिचं येईल. औषध चुकलं तर झटका. आणि जास्त गेलं तर, डॉक्टरबाईंनी आईला स्पष्टच सांगितलं, झोपेल ती उठणार नाही.

कंपाउंडरकाकांनी लेबल वाचून दाखवलं : एक भाग, दिवसातून तीन वेळा, भोजनोत्तर. मुलीने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला आणि मान हलवली. काका म्हणाले, झालं, तिले समजलं. मला राहवेना. एक भाग म्हणजे केवढं ते दाखव बरं, मी म्हटलं. तिने अख्खी बाटली उचलली.

आई माझ्याकडे बघत राहिली. "बाई, तुमी लिहिता ते शिकलेल्याले समजते. माह्या पोरीले समजंन असं लिहा ना."

असं कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी खोक्याचा पुठ्ठा कापला. गिरणीचा भोंगा सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला व्हायचा आणि तो तिला पक्का ठाऊक होता. मी एकाखाली एक तीन धुराडी काढली. प्रत्येकाशेजारी एक बाटली, तिची एक खाच लाल रंगवलेली. भोंगा झाला की एक खाच. अक्षर एकही नाही. काका म्हणाले, कोकणवाल्या बाईनं दवाखान्यात गिरणी टाकली. पण चार दिवस बाराच्या भोंग्याला मुलीला बाकावर बसवून त्यांनीच पाहिलं. चारही दिवस तिने खाचेवर नख ठेवलं आणि औषध नखापर्यंत उतरेल एवढंच पेल्यात ओतलं. सोमवारी आई दर्यापूरच्या बसने गेली. बुधवारी मी गुरुवारपासून घ्यायची बारा खाचांची नवी बाटली मुलीच्या घरी पोचवली.

गुरुवारी डॉक्टरबाई अमरावतीला गेल्या होत्या. मी पट्ट्या कापत बसले होते. तीनच्या सुमारास भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. जिनिंगमध्ये कापसाला आग लागली, गिरणीचा भोंगा देऊन माणसं बोलावून राहिले, असं रस्त्यावरून कुणी सांगत गेलं. सगळे धूर बघायला दारात गेले. चौथा भोंगा झाला तेव्हा मला कळलं की मी खाचा मोजते आहे.

कोणता भोंगा, हे मी पुठ्ठ्यावर कुठे काढलं होतं?

काकांना एवढंच म्हटलं की ती प्रत्येक भोंग्याला पिईल, आणि निघाले. कापसाच्या गाड्या रस्ताभर अडकल्या होत्या, बैल बिथरलेले, गाडीवान जू धरून उभे. पदर खोचून मी चाकांमधून वाट काढली. पुलावर माणसं समोरून धावत येत होती. तुमचं कोणी आत हाये का, असं एकाने विचारलं. मी हो म्हणाले. पूल उतरताना नववा भोंगा झाला.

ती उंबऱ्यात बसली होती. दोन्ही कान तळहातांनी दाबलेले, बाटली पायांमध्ये. मी बाटली हिसकावून उजेडात धरली. तीन खाचा रिकाम्या होत्या. सकाळची, दुपारची, आणि जास्तीची एकच.

किती घेतलं, काय केलं, मी विचारतच सुटले. तिने शेजारचा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला. तिन्ही धुराड्यांवर सरकीचा एकेक दाणा ठेवलेला होता.

"भरलं," ती म्हणाली. "जागाच नाई. थो बोंबलून राहिला तर बोंबलू दे."

दाणे मी शिकवलेले नव्हते. आईच्या लुगड्याला चिकटून जिनिंगमधून सरकी घरात यायची. त्यातले तीन दाणे तिने वेचून ठेवले होते. औषध घेतलं की चित्रावर दाणा ठेवायचा, सकाळी उठली की तिन्ही काढायचे. पहिल्या अवेळच्या भोंग्याला तिने संध्याकाळचं औषध घेतलं, तिसरा दाणा ठेवला, आणि पुढे कितीही वाजलं तरी बाटलीला हात लावला नाही.

तीन तास आधी गेलेल्या औषधाने काय होईल ते मला माहीत नव्हतं. मी तिच्याजवळच बसून राहिले. तिचा डोळा लागला की मी हलवायची, ती चिडायची. सहाचा भोंगा झाला. तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आता मीच काही चूक करीन की काय अशा नजरेने. मी हात मांडीवर ठेवले.

शुक्रवारी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. न सांगताही चालेल, असं काका म्हणाले होते. बाईंनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "भोंगा कुणाला विचारून ठरवलात?" मी म्हटलं, कुणालाच नाही. "मग आता तिला विचारा." कामाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी मोरीपाशी जाऊन तोंड धुऊन आले.

आई परतेपर्यंत एकही झटका आला नाही. ते दिवस निभावले त्या दुसऱ्या पुठ्ठ्यावर. तो आम्ही शुक्रवारीच दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसून केला. मी सवयीने धुराडं काढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. ते नको, खोटं बोलते. मग काय काढू, मी विचारलं, आणि या खेपेला थांबले. काका दोनदा डोकावून गेले. मग तिने पुठ्ठ्यावर वरून खाली बोट ठेवत सांगितलं : चहा, भाकर, भाकर. मी कपबशी काढली, भाकर काढली, दुसरी भाकर काढली.

"रातची मोठी काढ," ती म्हणाली. "आन् दान्याले जागा ठेव."