कल्पनाने सांगितलेला अडथळा

सकाळचे सव्वादहा झाले होते. यवतमाळच्या आमच्या ऑफिसात आम्ही सहाजण भिंतीवरच्या पडद्यासमोर उभे होतो आणि पडद्यावरून पुण्याचे मॅनेजर विचारत होते, "कल्पना आज पण लेट?" तेवढ्यात माझा फोन वाजला. नेरहून तिचा भाऊ बोलत होता. "प्रमोदभाऊ, ताई गेली... बससाठी निघाली, पायरीवर बसली अन् उठलीच नाही." मी ते सगळ्यांना सांगितलं. मग मॅनेजर म्हणाले, "व्हेरी सॅड. तिची कामं आज कोण घेईल?" याला पाच आठवडे झाले. ते वाक्य अजून माझ्या कानातून निघत नाही, आणि मला ते काढायचंही नाही.

कल्पना मेश्राम आणि मी नेरच्या एकाच शाळेत शिकलो. तिची आई ब्लाउज शिवायची. कल्पनाने बरीच वर्षं गावात संगणकाचे वर्ग घेतले आणि चाळिशी ओलांडल्यावर आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आली. त्याच वर्षी कंपनीने आम्हाला 'अजाइल' पद्धत शिकवायला एक प्रशिक्षक बोलावले. दोन दिवस ते इंग्रजीत बोलले, आम्ही माना डोलावल्या. शेवटी कल्पना उठली. "सर, म्हंजे पूर्ण ब्लाउज शिवून मग माप चुकलं म्हणून रडायचं नाही. कच्चा टाका घालायचा, बाईले घालून पाहू द्यायचं, मग पुढचं शिवायचं. असंच ना?" प्रशिक्षक हसले. खोलीतल्या अर्ध्या लोकांना अजाइल तेव्हा समजलं, आणि त्यांत मीही होतो.

तिने ते मनावरच घेतलं. आम्ही तेव्हा उपकेंद्रातल्या नर्सताईंसाठी गरोदर बायकांच्या तपासणीची नोंद ठेवणारं ॲप करत होतो. पहिल्या दोन आठवड्यांत झालं तेवढंच घेऊन ती मला मुकुटबनच्या बाजूला एका उपकेंद्रात घेऊन गेली. नर्सताईंनी थोडा वेळ बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढे रकाने भरेपर्यंत पेशंट घरी जाते नं." मी चिडलो, कारण मेहनत माझी होती. कल्पना मात्र परतीच्या बसमध्ये खुशीत होती. "अरे, सहा महिन्यांनी समजलं असतं तर? आजच समजलं!" दुसऱ्या दिवशी अर्धे रकाने उडवले.

रोज सकाळी उभ्यानेच पंधरा मिनिटांची बैठक व्हायची. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. पहिली दोन उत्तरं कोणीही देतं, तिसऱ्याला लोक लाजतात. ती म्हणायची, "काहून लाजून राह्यले? अडथळा सांगणं म्हंजे रडणं नाही."

मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने आमची कंपनी विकत घेतली. पद्धतीचं नाव तेच राहिलं. पंधरा मिनिटांची बैठक मात्र तासाभराची हजेरी झाली आणि दोन आठवड्यांचं काम एका आठवड्यात मागू लागले. किती काम पेलवेल ते टीमने ठरवायचं, हे या पद्धतीचं मूळ. त्याच पद्धतीचं नाव घेऊन आम्हाला रेटत होते! कल्पना भांडली. "सर, माणसं थकली आहेत. हेही अडथळ्यांच्या बोर्डावर लिहा." उत्तर आलं, "निगेटिव्ह होऊ नका."

उन्हाळ्यात तिला जिना चढताना धाप लागू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासणीची तारीख दिली, ती कामामुळे पुढे गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी एका सोमवारी तिने बैठकीत, तिनेच आम्हाला शिकवलं होतं तसं, सगळ्यांसमोर सांगितलं, "अडथळा आहे. छातीत दुखून राह्यलं. उद्या मले नागपूरले जायचं आहे." मॅनेजर म्हणाले, "हा पर्सनल विषय आहे. शुक्रवारनंतर जा." आणि आम्ही सहाजण... पडद्याकडे बघत उभे. मी तिचा शाळेपासूनचा मित्र. माझ्या तोंडून 'सर' एवढंही निघालं नाही. जेवताना मात्र शहाणपणा सुचला. "तू जा न, कोण अडवते तुले?" ती म्हणाली, "अन् माझं काम तुमच्या डोक्यावर टाकू? शुक्रवार काही दूर नाही." गुरुवारी सकाळी ती गेली.

तिच्यावरही राग आहे माझा. आमच्यासाठी भांडताना तिचा आवाज कधी खाली आला नाही, स्वतःसाठी ती एकदाच बोलली आणि मुकाट बसली. पण स्वतःवरचा राग त्याहून मोठा आहे.

मागच्या आठवड्यात 'काय चुकलं' हे विचारायची बैठक झाली. कोणी सर्व्हर म्हटलं, कोणी टेस्टिंग. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "कल्पनाने अडथळा सांगितला होता. तुम्ही तो टाळला आणि आम्ही ऐकून गप्प बसलो. हे चुकलं. लिहा." मॅनेजर म्हणाले, "यावर नंतर बोलू." तेव्हा आमच्यातली सगळ्यांत अबोल रुक्साना म्हणाली, "नंतर नाही सर. आत्ता लिहा." त्यांनी लिहिलं. आता नोकरी राहते की जाते, पाहू.

तिच्या टेबलावरच्या काचेखाली तिच्या अक्षरातला एक कागद आहे. कामं वाटताना ती तो बघायची. 'रुक्साना : मुलीची बारावी, परीक्षेत काम कमी. प्रमोद : बाबांचं डायलिसिस, मंगळवारी लवकर सोडणे.' अशी आमची सहा नावं. सातवं नाही. परवा त्या जागेवर नवीन मुलगी रुजू झाली. तिने विचारलं, "सर, हा जुना कागद काढू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "आधी वाच."