ज्यांचं नाव नाही त्यांच्या घरी

सुमनअक्का गेल्याचं मला नवापुरात कळलं. आमच्या पतसंस्थेच्या तिथल्या शाखेची तपासणी होती, म्हणून सकाळीच निघालो होतो. निघताना अक्का ओट्यावर दात घासत होती. "येताना नवापुरातून काही आणू का?" म्हटलं, तर हातानेच 'नको' म्हणाली. दुपारी तिच्या मुलाचा, संजूचा फोन आला. तो सुरतेला असतो. "काका, आई गेली. मी निघालोय, तुम्हाला वाटेत घेतो." आमच्या दोन घरांत एक भिंत आहे, आणि त्या भिंतीपलीकडची बातमी मला सुरतेहून कळली...

अक्का माझी कोणी नात्यातली नव्हती. एसटीत ड्रायव्हर असलेल्या नवऱ्याच्या मागे तिने संजूला वाढवलं, आणि पुढे महिलांसाठी राखीव झालेल्या वॉर्डातून नगरपालिकेत निवडून आली. माझी पत्नी मोलगीकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे. ती शनिवारी येते आणि सोमवारी पहाटेच्या जीपने जाते. मुलगी पुण्याला. त्यामुळे आठवड्याच्या संध्याकाळी मी आणि अक्का आपापल्या ओट्यावर बसून बोलत असू. ती सभेचे कागद आणायची आणि मी ते समजावून सांगायचो. मला आकडा पूर्ण सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि तिला तो ऐकवत नसे. एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, लेकरू रडनं तरी तू इचारशी, कितला मिनिट रडनं!"

तिच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड प्रश्न घरकुलांचा होता. सरकारी योजनेत घराचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: जोत्याला काही, भिंतींना काही, स्लॅबला काही. अक्काच्या वॉर्डात पुष्कळांनी मंजुरीच्या भरवशावर जुनी घरं पाडली. "हप्ता कधी येईल?" असं विचारलं की जो तो 'होईल, येईल' म्हणायचा. भिंती उभ्या राहिल्या आणि पुढचा हप्ता अडकला. एक पावसाळा त्या लोकांनी चार भिंतींत ताडपत्री बांधून काढला. त्याच वॉर्डाच्या टोकाला, नाल्याकाठच्या वस्तीत मात्र एकाही घराला अजून पहिला हप्ताही मिळालेला नव्हता. दोन्हींना पुरतील इतके पैसे नगरपालिकेकडे नव्हते. सभेत ठरवायचं होतं ते एवढंच, की आधी कोण.

मी हिशोब मांडून दिला. एक नवं घर उभारायच्या पैशात तीन अर्धवट घरांवर स्लॅब पडत होता. तेवढ्याच रकमेत जास्त कुटुंबांच्या डोक्यावर छत येणार असेल तर अर्धवट घरं आधी, यात मला शंका नव्हती. आजही नाही. अक्काने तो हिशोब सभेत मांडला, भांडली आणि ठराव करून घेतला. वॉर्डात अर्धवट घरंच जास्त होती, त्यामुळे लोकांनी फटाके लावले. मी खूश होतो. अक्का संध्याकाळी ओट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशी चपला घालताना दिसली. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, "नालावर."

"ठराव झाला अक्का. आता तिथे काय काम?"

"ज्यासले घर नही भेटनं, त्यासले कोन सांगी?"

"बोर्डावर यादी लावतात ना."

"त्या बोर्डवर त्यासनं नावच नही. ज्येन्हं नाव नही, तो काय वाची?"

मला ते पटलं नाही, पण तिच्यासोबत गेलो. पहिलंच घर जमनाबाईचं होतं. जमनाबाई मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानावर मजुरी करते. तिच्या घराला पत्रा, भिंतींना कुडावर लिंपण, आणि दारात पाऊल ठेवताच खोकला येईल असा मिरचीचा खकाणा. अक्काला पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या मेंबरीनबाई. मत मांगाले उनात का 'नही' सांगाले?"

"'नही' सांगाले," अक्का म्हणाली आणि खाली फतकल मारून बसली. "पहिले च्या तं ठेव."

मग तिने सांगितलं. पैसे किती आहेत, ते कुठे जाणार, तुझं नाव का नाही. पुढच्या वर्षी होईल असं एकदाही म्हणाली नाही. जमनाबाई चिडली, नगरपालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मुलाचं लग्न घरावाचून अडलंय म्हणून रडली. "पक्कं घर नही तं पोर कोन देई?" अक्का ऐकत राहिली. चहा संपल्यावर म्हणाली, "यंदा पत्रा बदली घे. वाट दखू नको." मग उठून पुढच्या घरी. त्या दिवशी आम्ही वस्तीतली सगळी घरं केली. काही ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी आम्हाला बघून दार लावून घेतलं.

परतताना मी तिला म्हणालो, की यात तुला काही मिळालं नाही, त्यांनाही काही मिळालं नाही, आणि मतं मात्र गेली. नियम बरोबर असेल तर तो प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावायची गरज काय? अक्का म्हणाली, "तुन्हा हिशोब बराबर शे, भाऊ. पन 'व्हई, व्हई' आयकीसन लोके घर पाडतस. मन्हा वॉर्डमा दखं ना तू."

ते मी पाहिलं होतं, हे खरं. तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही आणि तिनेही तिचं सोडलं नाही. पुढे मुदत संपली, नगरपालिकेवर प्रशासक आले, अक्काचं पद गेलं. पण यादी लागली की ती जायचीच, आता मेंबर नसतानाही. बोर्डावरची नावं मला फोटोतून वाचायला लावायची. कोणाची नावं आहेत यात तिला रस नसे. "ते सोड. ऱ्हायना कोन, ते सांग," म्हणायची. गुडघे गेल्यावर रिक्षाने जाऊ लागली. आमचं यावरचं भांडण तिच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू होतं. त्या वेळी मला ते कंटाळवाणं वाटायचं. आता संध्याकाळी ओट्यावर बसतो, तर माझ्या म्हणण्याला 'नही' म्हणणारं कोणी नाही, आणि जे कोणी खोडत नाही ते बोलून तरी काय करायचं... म्हणून हल्ली लवकर आत जातो. शनिवारी पत्नी येते, तिला सगळं सांगायचं ठरवतो, आणि ती थकलेली असते.

मागच्या आठवड्यात नवी यादी लागली. या वेळी ज्यांच्या जागेचे कागद पुरे आहेत त्यांना आधी, असं ठरलंय. नियम म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. नाल्याकाठी कोणाकडेच कागद नाहीत. सवयीने मी बोर्डापाशी थांबलो, नावं वाचली, कोण राहिलं ते मनात मोजलं, आणि ते सांगायला कोणी नाही हे घरी आल्यावर लक्षात आलं.

शुक्रवारी सकाळी दळण घेऊन नाल्यावरच्या पुलावरून येत होतो. जमनाबाईचा मुलगा छपरावर चढून पत्रे उचकटत होता. ती खालून एकेक पत्रा धरून भिंतीला टेकवत होती. मी सायकल थांबवून पुलावरूनच ओरडलो, "जमनाबाई, काय चाललंय?"

"घर मंजूर व्हयनं ना, भाऊ! सोयरीक बी जमनी. जुनं काढी ऱ्हायनूत."

"कोणी सांगितलं?"

"सगळा सांगतस. यंदा नालावाल्यासनं नक्की."

"नाव नाही तुमचं," मी ओरडलो. "पत्रे काढू नका! मी यादी वाचलीय, तुमच्या वस्तीतलं एकही नाव नाही!"

मुलगा छपरावर तसाच थांबला. जमनाबाईने हातातला पत्रा खाली ठेवला. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. जमनाबाई वर बघून म्हणाली, "अक्का तं बठीसन सांगे. तुम्ही पूलवरथून कसाले वरडतस?"

मी सायकल पुलाच्या कठड्याला लावली, खाली उतरलो आणि तिच्या घरात जाऊन बसलो. नाव का नाही ते सांगितलं. सोयरिकीच्या लोकांना आजच खरं सांगा, म्हणालो. पुढच्या वर्षी काय होईल हे तिने विचारलं, तेव्हा मला माहीत नाही असंच म्हणालो. तिने चूल पेटवली. छताचे दोन पत्रे निघाले होते, तेवढ्या जागेतून ऊन थेट माझ्या पायांवर पडत होतं. मुलगा वर खिळे ठोकत होता. दुसरा पत्रा बसेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. घरी वाट बघणारं तसंही कोणी नव्हतं.