वसुमतीवहिनींची मडी

रघुपतीने आपल्या वहिनीबरोबर एका घरात बरीच वर्षं काढली. तरी त्या कशा होत्या असं कुणी विचारलं, तर तो गोंधळून जाई. त्यांना वांगं आवडायचं की नाही, हेसुद्धा त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. त्याच्या ओळखीची होती ती मुख्यतः त्यांची पाठ. कारण चामराजपेटेतल्या त्या घरात वहिनी दिसायच्या त्या परसातल्या नळापाशी, पाठमोऱ्या, हात धूत.

आधी हात धुवायचे. मग ध्यानात यायचं की नळाची चावी उघडली ती न धुतलेल्या हाताने. मग चिंच लावून चावी घासायची. चावी घासली म्हणून हात पुन्हा धुवायचे. तोवर खालच्या फरशीवरून उडालेला थेंब पदराला लागला की काय, अशी शंका यायची, आणि शंका काही साबणाने निघत नसे. नळाचं पाणी गेलं की हंडा, हंडा संपला की शेजारच्यांची विहीर.

बंगळूरचे जुने मराठी लोक सोवळ्याला कानडी शब्दच वापरतात, मडी. वहिनींचं हे धुणं म्हणजे कडक मडी, असं सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं होतं. घरचे पुरोहित भीमाचार्य घरोघरी सांगत, "मडी पाहावी तर वसुमतीबाईंची." नवरे ते ऐकून आपापल्या बायकांना ऐकवत आणि बायका वहिनींवर दात खात. शेजारच्या सकवारबाई कुंपणावरून म्हणत, "अक्का, तुमचं राहू द्या, ह्या नळाला मात्र मोक्ष मिळणार बघा."

रघुपतीचे थोरले बंधू नरसिंहराव चिकपेटेत साड्यांच्या दुकानात होते. जेवण दुपारी तीनला मिळे, पण घरात एवढं पावित्र्य नांदतं आहे म्हटल्यावर तक्रार कोण करणार? ते दुकानातच दोन इडल्या खाऊन येत आणि घरी भूक लागल्याचा आव आणत.

वहिनी स्वतः या कौतुकावर चकार शब्द काढत नसत. स्वयंपाकघरात शिरताना तेवढं रघुपतीला विचारत, "भाऊजी, तुम्ही बघत होता ना? कोपरापर्यंत धुतले ना मी?"

"धुतले, वहिनी."

त्या उंबऱ्यापर्यंत जात आणि पुन्हा मागे येत. "नक्की?"

सहासष्ट साली हुबळीहून निरोप आला, की त्यांची लेक कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. नरसिंहरावांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावरून वळून वहिनी रघुपतीला म्हणाल्या, "भाऊजी, ही मडी नव्हे."

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"मडीत देव आठवतो म्हणतात. मला नळच आठवतो. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी नळ. कावेरीचं मूल मला मांडीवर घेता यायचं नाही. घेतलं तर धूतच बसेन त्याला. मला कुठंतरी दाखवा."

घरच्या वैद्यांनी डोक्याला लावायला तेल दिलं. तेलकट हात धुवायचे म्हणून नळाला आणखी एक निमित्त झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी शक्तीची इंजेक्शनं दिली, त्यामुळे धुवायला जोर आला.

रघुपती यशवंतपूरला एका कारखान्याच्या कचेरीत होता. त्याने कँटीनमध्ये घाबरत घाबरत विषय काढला, की एका मित्राच्या वहिनीला असं असं होतं. समोरच्या मल्लाप्पाने चहा ढवळता ढवळता विचारलं, की मित्राच्या वहिनीचं नाव वसुमतीबाई तर नव्हे? मग त्यानेच सांगितलं, की लालबागेच्या पलीकडे मानसिक आजारांचं मोठं इस्पितळ आहे. तिथं विद्याधर म्हणून एकजण आहेत. ते गोळी न देता बोलून आणि सराव करवून बरं करतात. मल्लाप्पाच्या मेहुण्याला गुण आला होता.

नरसिंहराव आधी उखडले. मडीला औषध देता, उद्या भक्तीला टाके घालाल, म्हणाले. वहिनींनी धुऊन धुऊन सोललेले हात त्यांच्यापुढे धरले. मग ते हळूच म्हणाले, जा, पण गल्लीत लालबागेला जातो म्हणून सांगा.

विद्याधर बेळगावकडचे होते. तरुण, किडकिडीत, मराठी बोलत ते कानडी हेल काढून. त्यांनी नळापासून उशीपर्यंत सगळं विचारून घेतलं. मग पायातली वहाण काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर तळवा टेकला आणि तोच तळवा आपल्या गालावरून फिरवला. पुढे तुम्हालाही हे जमेल, म्हणाले.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "चला भाऊजी. ह्यांनाच बरं नाही."

विद्याधरांना हसू आवरेना. तसं दिसतं खरं, पण स्वल्प बसा, म्हणाले. मग त्यांनी समजावलं. भीती म्हणजे आगंतुक पाहुणा. तुम्ही लगबगीने पाणी देता म्हणून तो बसतो, आणि रोज येतो. तो येऊ दे, तुम्ही पाणी देऊ नका. बसून बसून कंटाळेल आणि उठून जाईल. ही पद्धत नवी आहे, मी हमी देत नाही, पण तुमच्याबरोबर बसेन. वहाण राहू दे, आज दाराच्या कडीपासून सुरुवात करू.

त्या दिवशी वहिनी कडीला हात लावून, तो न धुता पदरावरून फिरवून, घामाघूम होऊन बसून राहिल्या. निघताना विद्याधर रघुपतीकडे वळले. "आता तुम्ही. 'धुतले, वहिनी' हे बंद. तुमचं उत्तर हाच यांचा मोठा साबण. विचारलं की म्हणायचं, कुणास ठाऊक."

आयुष्यात कुणाला नाही न म्हटलेल्या माणसाला हे औषध भारी कडू गेलं. वहिनी विचारत, हा म्हणे कुणास ठाऊक. त्या चिडत, विनवत. "एवढं साधं सांगायला काय जातं हो तुमचं?" तो पुन्हा तेच पुटपुटे आणि नारळाच्या झाडाआड जाऊन उभा राही. त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त घाम फुटतो, अशी त्याची खात्री होती.

इकडे सकवारबाईंना संशय आला. एवढी काय लालबाग, आम्हाला पण स्वल्प फुलं आणा की, म्हणाल्या. रघुपतीने ही अडचण विद्याधरांच्या कानावर घातली. त्यांनी लगेच नवा अभ्यास दिला: परतताना खरंच लालबागेत जायचं, बाकावर तळवे टेकून बसायचं आणि हात न धुता शेंगा खायच्या. अशी ती थाप खरी झाली. पहिल्या खेपेला वहिनींनी एक दाणा तोंडात घातला आणि विषाची परीक्षा असावी तसा चावला. पुढे पुढे त्या रघुपतीच्या पुडीतल्या शेंगाही संपवू लागल्या.

कावेरीला मुलगा झाला. बाळाच्या आंघोळीचा नियम विद्याधरांनी आधीच घालून दिला होता: घंगाळातलं पाणी संपलं की आंघोळ संपली. वहिनी पायांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालत. घंगाळ रिकामं झालं की डोळे मिटून थोडा वेळ बसत, आणि मग उठत.

बारशाला भीमाचार्य आले. वहिनी धूतवस्त्र नेसून, बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसल्या होत्या. मंत्र ऐन रंगात आले आणि बाळाने मांडीवरच कार्यभाग उरकला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नरसिंहराव तर नळाकडची वाट मोकळी करून बाजूला झाले. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्यांची नजर रघुपतीकडे गेली. तो हातातल्या अक्षतांकडे बघत राहिला.

भीमाचार्य हळूच म्हणाले, "वसुमतीबाई, मडी मोडली."

वहिनींनी बाळाची कुंची सारखी केली. "मोडू दे, आचार्य. पोर झोपलंय. तुम्ही नाव घ्या."

आजार पार गेला असं नाही. एखाद्या दिवशी नळ पुन्हा बोलावी. कधी त्या जात, कधी जात नसत. पण जेवण बाराला मिळू लागलं आणि नरसिंहरावांची इडल्यांवरून पंचाईत झाली.

एकोणसत्तर साली कावेरीचं दुसरं बाळंतपण सासरी होतं. बाळाला आपल्या आईनेच न्हाऊ घालायचं, असा तिने हट्ट धरला. वहिनी हुबळीला निघाल्या. रघुपती कचेरीतून परस्पर यशवंतपूर स्टेशनवर गेला. इंजिनाची काजळी खिडकीवर बसली होती आणि वहिनी त्याच खिडकीत कोपर टेकून बसल्या होत्या. पुढे महिन्याभरात हुबळीला झोपेतच त्या गेल्या. तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? गाडी हलायला अवकाश होता.

"भाऊजी, ताक जाळीच्या कपाटात ठेवलंय. आंबट व्हायच्या आत संपवा."

"बरं."

"आणि ह्यांना सांगा, छत्री दाराआड आहे."

"सांगतो, वहिनी."