गणपतीच्या डोळ्यांसाठी चष्मा

"गो डॉक्टरनी, तुझ्या चष्म्यान माझो गणपती तिरळो केलो!"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं आणि दारात शेवंतीकाकी! मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. २००७ साल, मालवण बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात माझी पहिलीच नोकरी, आणि पहिलीच कम्प्लेंट ही अशी.

काकीने आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. महिन्यापूर्वी चष्मा करायला आली तेव्हा मी वय विचारलं. "पन्नास." काम काय करता? "काय नाय गो, पोथी वाचतंय." आणि अट एकच, "म्हातारी दिसूक नको."

मग मी दिला बायफोकल. वरच्या काचेतून लांबचं दिसतं, खालच्या छोट्या खिडकीतून जवळचं. फ्रेम तेव्हाच्या फॅशनची, एकदम चिंचोळी. काकी आरशात बघून खूश, मी तिच्याहून खूश!

"पण काकी, पोथीत गणपती तिरळा कसा होईल?"

तेव्हा खरं बाहेर आलं. गुडघे गेले, पाटी सुटली, आणि काकी शेजारच्या बाबलच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, जाऊन बसायला लागली. आधी माती मळली. मग उंदीर रंगवले. हात इतका स्थिर की यंदा बाबलने तिला डोळ्यांची आखणी दिली. मूर्तीचं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम!

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"ह्या वयात चित्रां काढतंय म्हटला असता तर तू हसली असतंस."

"ह्या वयात म्हणजे पन्नास?"

काकीने एकदम काउंटरवरच्या फ्रेम बघायला सुरुवात केली.

आमचे सर, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले, "काच बदलून दे नि मोकळी हो."

"सर, मी शाळेत जाऊन बघते ना."

"आता गणपतीचे डोळे तपासणार?"

"हो!"

तिथे गेले तर चतुर्थी तोंडावर आलेली आणि मूर्ती ओळीने मांडलेल्या. आमच्याकडे प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून देतं, त्याच पाटावर त्यांचा गणपती बसतो. त्यामुळे बिघडलेला गणपती दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. आणि तिरळा झालेला नेमका काकीच्या जावेच्या पाटावर!

"एक डोळो माझ्याकडे, दुसरो मोदकाकडे," काकी म्हणाली. "जाऊ जन्मभर बोलून दाखवतली."

बाबल ब्रश धूत होता. "काकी, आज जमला तर बरा. नायतर उद्यापासून आखणी मी करतंय, तुमी उंदीर करा."

काकीचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करून दाखवा. आणि दोन मिनिटांत लक्षात आलं. मूर्ती समोर, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर लांब. खिडकी खाली, म्हणून काकी हनुवटी वर करून बघणार. शिवाय खिडकीचा नंबर पोथीच्या अंतराचा, मूर्ती त्याच्या पलीकडे. आणि काचेची रेघ बरोब्बर गणपतीच्या डोळ्यावरून जाणारी! अर्धा डोळा एका काचेतून, अर्धा दुसरीतून. सरळ कसा येणार?

मी ट्रायल फ्रेम नेली होती, ज्यात काचा बदलून बदलून बघतात ती. हातभर अंतराला जुळणारी काच घातली. काकी ओरडलीच, "गो बाय, सोंडेवरचो केस पण दिसता!" ब्रशचा एक केस तिथे चिकटला होता, तो बाबललाही दिसला नव्हता.

म्हणजे पूर्ण काच एकाच नंबरची हवी. आणि काच मोठी, म्हणजे मान न हलवता अख्खा चेहरा दिसेल. तशी फ्रेम दुकानात एकच होती, खालच्या खोक्यात पडलेली. जाड, तपकिरी, गालापर्यंत येणारी. मी धावत जाऊन काचा घासून बसवल्या आणि परत आले.

काकीने चष्मा लावला. बाबलच्या आरशात बघितलं.

"अगदी माझ्या आवशीसारखी दिसतंय," म्हणजे आईसारखी, ती म्हणाली.

"दुसरी फ्रेम बघूया का?"

"कित्याक? आवस माझी बरी होती दिसाक." आणि ब्रश उचलला.

तिरळ्या डोळ्यांवर पांढरा रंग देऊन सुकवला होता. काकीने श्वास धरला, एक रेघ, दुसरी रेघ, मग बुबुळं. बाबल इकडून बघतोय, तिकडून बघतोय. शेवटी म्हणाला, "आता उंदीर मी करतंय."

चतुर्थीनंतर काकी दुकानात आली, तोच जाड चष्मा लावून. जावेने गणपतीत एकही खोट काढली नव्हती, त्याचंच तिला जास्त कौतुक. मी तिचं कार्ड काढलं, म्हटलं वय दुरुस्त करूया.

"अडुसष्ट लिव," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. "आणि कामाच्या जागी चितारी लिव."

तेव्हापासून मी आधी काम विचारते, मग वय. वय लोक काहीही सांगतात.