पाच नंबरचे बूट

धाकटीच्या पायांना चिखल्या झाल्या, त्याला आता तीन वर्षं होत आली. डेअरीत कॅन धुण्याचं काम. आठ तास गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आत घाम, वरून उडणारं पाणी. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलायच्या आणि खाज अशी सुटायची, की चारचौघांत पाय कुठे ठेवावा कळू नये. औषधाने बरं वाटायचं, महिन्याभराने ये रे माझ्या मागल्या.

चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सारला. "खाज थांबल्यावरही दोन आठवडे मलम लावलंत?"

"लावलं. बोटाबोटांत फडकं घालून पुसते, मोजे उकळते."

"मग तुमचे बूट आणखी कोण घालतं?"

डेअरीत बूट नंबरावर मिळत, माणसावर नाही, आणि पाच नंबरचा जोड एकच होता. सकाळच्या पाळीला तो थोरली जाऊ घालायची. दोन वाजता दारातच काढून धाकटीच्या हाती द्यायची, आतून अजून गरम असलेला. हे काम धाकटीला लावून दिलं होतं तेही थोरलीनेच.

"विचारून सांगते," धाकटी म्हणाली.

"त्यांनाच घेऊन या. दोघींनी एकदम औषध घेतलं तरच हे जाईल. महिन्याने दाखवा."

सुट्टीच्या दिवशी थोरली भाजी निवडत बसली होती. पायांत मोजे.

"ताई, मोजे काढा बघू."

"गार लागतं गं पायांना."

"भर उन्हाळ्यात?" धाकटीने सरळ मोजा ओढला. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेने भुगा झालेलं. बेचक्यांत चिरा.

"कधीपासून?"

"तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई रोज दुपारी बूट हातात देत होती आणि घरी आल्यावर 'मलम लावलंस का गं' म्हणून विचारतही होती. पण बोलणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"दवाखान्यात चला माझ्याबरोबर."

"नखाला गोळ्या लागतात, महिनोन् महिने. रक्त तपासायला रजा टाकावी लागते, रजेला कारण द्यावं लागतं." थोरलीला सगळं ठाऊक होतं. "कॅनला झाकणं लावणारीला पायाला रोग म्हणून कामावरून काढलं, विसरलीस? माझी नोकरी दीडच वर्ष राहिलीय. मग बूट तुझे एकटीचे."

"मी वेगळा जोड मागते."

"माग. कशाला हवा म्हणून विचारतील. आधी तुझे पाय बघतील, मग माझे."

घरात कमावत्या त्या दोघीच होत्या. धाकटी उठून आत गेली. आपलं मलम आणून थोरलीच्या बेचक्यांत लावू लागली.

"नखाला त्याचा काय उपयोग," थोरली म्हणाली, पण पाय मागे घेतला नाही.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले. चिखल्या तशाच. "बूट कोण घालतं, विचारलंत?"

पडद्यापलीकडे बाकावर डेअरीतल्याच दोघी नंबर लावून बसल्या होत्या.

"कोणी नाही. माझे एकटीचे आहेत."

"म्हणजे मलम नीट लावत नाही तुम्ही. किती वेळा सांगायचं?"

धाकटीला खोटं बोलल्याची लाज वाटली नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"चुकतं माझं," ती म्हणाली आणि पुढची तारीख लिहून घेतली.