बॅरीच्या क्लबचा शेवटचा सामना

ऑस्ट्रेलियातल्या गुंगालिनहून लेकीच्या गाडीतून निघालो, तेव्हा गवतावरचं दहिवर गोठलेलं होतं. जुलैत अशी थंडी, हे मला काही केल्या पटत नाही. मांडीवर दशम्यांचा डबा, अंगावर जावयाचा कोट. मुलाचा मुलगा निनाद पुण्याहून शिकायला आला होता. दोन तासांवरच्या एका लहान गावात त्याची युनी (युनिव्हर्सिटीला इथे एवढंच म्हणतात). त्याच्या बेसबॉलच्या मॅचला मी जात होते. लहानपणी त्याला झोपवताना मी सांगायचे, की तुझ्या आजीने कॉलेजात सॉफ्टबॉलची फायनल जिंकून दिली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची मावसबहीण. तेव्हा आजीला बोलावणं आलंच.

गाव पाहून मन उतरलं. रस्ता भलामोठा, त्यावर माणूस नाही. स्टेशन आहे, पण रुळांत गवत. दुकानांच्या काचांना आतून कागद चिकटवलेले.

मैदानाकडेला पत्र्याची शेड होती. तिथे बॅरी भेटला. वय सत्तरीचं, क्लबचा सेक्रेटरी, कोच आणि गवत कापणारा, सगळं तोच. भिंतीवरच्या फोटोंपुढून त्याने मला देवळात फिरवावं तसं हळूहळू फिरवलं. पूर्वी इथले क्रिकेटवाले हिवाळ्यात अंग आखडू नये म्हणून बेसबॉल खेळत. लोकरीच्या गोदामाची एक टीम, रेल्वेची एक, पिठाच्या गिरणीची एक. रेल्वे गेली, तशी तिची टीम गेली. मग गोदाम, मग गिरणी. उरली ही एक. गावातली मुलंही सिडनीला गेली, तेव्हा नऊ जण पुरे करायला बॅरीने युनीच्या होस्टेलवर चिठ्ठी लावली. त्या दिवसांत आपल्याकडे घराआड एक पोर ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. नवातले सहा आपलेच. पण कोर्स संपला, आता तीही नोकरीमागे शहराकडे. म्हणून आजची मॅच शेवटची. वर्षभरात एकही जिंकलेली नव्हती.

"एक जिंकतो, मग कुलूप लावतो," बॅरी म्हणाला. तो दशमीला टोमॅटो सॉस लावून खात होता. मी दुसरीकडे पाहिलं.

शेवटच्या डावात बरोबरी झाली. आपले दोन गडी बाद, एक गडी तिसऱ्या बेसवर, आणि बॅट निनादच्या हातात. त्याने पहिल्या बेसवर सुखरूप पोचायचं, की तिसऱ्यावरचा धाव पुरी करून घरी येणार आणि मॅच खिशात. बॅरी उभा राहिला.

चेंडू बॅटची कड घेऊन टाकणाऱ्याच्या पायाशी घरंगळला. उचलताना त्याच्या हातून निसटला, एकदा नाही, दोनदा. आणि आमचं ध्यान जागच्या जागी हात वर करून तिसऱ्या बेसकडे ओरडलं, "नको, नको!"

बेसबॉलमध्ये नको म्हणायची सोय नाही. लागला की पळायचं. वर्षभर बॅरीने हे घोकून घेतलं होतं, पण ऐन वेळी सोसायटीतलं क्रिकेट पायांत आलं. निनाद पळायला लागला, तोवर चेंडू पहिल्या बेसवर पोचला होता, म्हणजे तो बाद. बरोबरीमुळे मिळालेल्या जादा डावात समोरच्यांनी धाव काढली. आपण हरलो.

बॅरीने निनादचा खांदा थोपटला. "नो वरीज, मेट. माझा बाप पण असाच उभा राहायचा." मग बेस गोळा करून त्याने आत ठेवले, शेडला कुलूप लावलं, आणि किल्ली हातात धरून तिथेच उभा राहिला. ती कुणाला द्यायची, हे त्याने ठरवलं नसावं.

निनाद आमच्याबरोबर आत्याकडे आला. वाटेत म्हणाला, "आजी, तू पळाली असतीस."

"नव्हते पळाले," मी म्हटलं. गाडी चालवणाऱ्या लेकीनेही आरशातून पाहिलं. मग सांगून टाकलं. चेंडू छान मारला होता. पण दोन वेण्या, नवे बूट, आणि कडेला कॉमर्सची मुलं. कोण बघतंय हे बघत ती महामाया उभीच राहिली. एकही बघत नव्हता. बाद झाले, फायनल गेली. जिंकल्याची गोष्ट लग्नानंतर रचली, आधी तुझ्या आजोबांसाठी.

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने नुसतं काचेला डोकं टेकलं.

पुण्यात परतल्यावर शेजारणीने विचारलं, "मग, जिंकला का नातू?" थाप अगदी जिभेवर आली होती. पन्नास वर्षांचा सराव. पण डोळ्यांपुढे तो किल्ली धरलेला हात आला.

"हरला," मी म्हटलं, "आणि मीही."