मास्तरांचे डंबेल

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून मास्तरांची बोटं तयार झाली, दंड मात्र काटक्याच राहिले. बायकोला अर्धांगवायू झाला तसे ते तिला पलंगावरून खुर्चीत उचलून बसवू लागले. परवा ती हातांतून निसटलीच. म्हणून आज ते व्यायामाच्या सामानाच्या दुकानात उभे होते, सवयीने गळ्यात टेप तशीच.

दुकानदाराने डंबेल, बेंच, रबरी पट्टे, सगळं पुढ्यात मांडलं. वर हसून म्हणाला, "काका, या वयात छाती फुगवून कुणाला दाखवायचीय?"

"दाखवायची नाही, बायको उचलायचीय," मास्तर फणकारले.

तो ओशाळला. सगळ्यात हलकं डंबेल काढून म्हणाला, "मग यानेच सुरुवात करा. दर महिन्याला थोडं थोडं वजन वाढवत न्यायचं. सहा महिन्यांत आरामात उचलाल."

मास्तरांनी डंबेल उचलून परत जागेवर ठेवलं.

"तिचं वजन मला काट्यावर बघावं लागत नाही. महिन्याभरात तिचा गाऊन तीनदा आत घेतलाय मी," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी उचलायला चौघं येतीलच. मला उद्या सकाळी एकट्याला उचलायचीय."